वेशीजवळचा तीन हात पत्रा

माझं दुकान दोराचं होतं. कासरे, दावी, नाडे, मुसक्या, गोफणी, शिंकी. जनावर बांधायचं असो नाहीतर छपराला झुलता पाळणा, माणूस माझ्याकडेच यायचा. अंबाडीचा माल वेगळा, घायपाताचा वेगळा, सुताचा वेगळा. आत शिरलं की ओल्या गवतासारखा आणि थोडासा गोठ्यासारखा वास यायचा. आता नायलॉनच्या दोरीला कसलाच वास येत नाही. तिला ओढून बघावं असंही कुणाला वाटत नाही.

दुकान जुन्या वेशीला खेटून होतं. वेस काळ्या दगडाची, कमानीची. आत दोन्ही बाजूंना पहारेकऱ्यांच्या देवड्या. दार कधीच गेलेलं. कमानीच्या दोन खांद्यांवर दगडात कोरलेली दोन कमळं होती, ताटाएवढी. बाजाराकडून पेठेत यायला लागलं की हौदाजवळ रस्ता वळायचा आणि तिथून ती कमान आणि दोन्ही कमळं एकदम समोर यायची. माणसं नमस्कार वगैरे करायची नाहीत, पण बैल त्या वळणावर जरा दमानं चालायचे आणि गाडीवान मान वर करायचा. एवढाच त्या वेशीचा मान होता.

दुकान घ्यायच्या आधी बरीच वर्षं मी याच वेशीच्या बाहेर जमिनीवर पोतं अंथरून दोर विकलेले. श्रीगोंद्याचा बाजार, पुणतांब्याचा बाजार, परत आमचा बाजार, असं डोक्यावर भेंडोळी घेऊन फिरलो. कुणी हात दिला नाही आणि मी मागितला नाही. त्यामुळे ज्या दिवशी त्या अरुंद दुकानाच्या फळ्या मी स्वतःच्या हातानं काढल्या, त्या दिवशी मला वाटलं, आता आपल्याला कुणाला काही विचारायला नको.

तिथंच चुकलं. विचारायला लागणार होतं.

दुकानाचं तोंड पश्चिमेला. दुपार कलली की ऊन थेट आत. आणि दोर आत ठेवून विकला जात नाही. शेतकरी दोर लांबून बघतो, मग जवळ येऊन ओढतो, टोक उकलून पीळ बघतो, नाकाला लावतो, आणि मग भावाला हात घालतो. माल बाहेर खुंट्यांना लोंबलेला पाहिजे. पण बाहेर लोंबलेला माल उन्हानं वाळून खडखडीत व्हायचा, रंग उडायचा. मग गिऱ्हाईक दोन बोटांत धरून म्हणायचं, "ह्यो ऊन खाल्लेला हाय शेठ." झालं. हे वाक्य उच्चारलं की सौदा माझ्या हातातून त्याच्या हातात गेला. भावात मी आयुष्यात फार कमी वेळा हरलोय. पण सूर्यानं मला रोज हरवलं.

म्हणून दुकानापुढे तीन हात पत्रा काढायचा होता. साधा पत्रा, दोन लाकडी तीर, खाली खांबसुद्धा नाही. आज कुणी कुणाला सांगतसुद्धा नाही एवढं काम.

पण वेशीपासून हौदापर्यंतच्या घरांना वेगळा कायदा होता. आमच्या पेठेनं स्वतःच घालून घेतलेला, मागाहून नगरपालिकेनंही मानलेला. माझ्या आधीच्या काळात एका तेलघाणीवाल्यानं माडीला सज्जा काढला आणि उजवं कमळ झाकून टाकलं. त्यावरून पेठेत डोकी फुटायची वेळ आली. शेवटी सज्जा कापला आणि एक समिती नेमली. वेशीजवळच्या घराला रंग द्यायचा असो, खिडकी मोठी करायची असो, पाटी लावायची असो, आधी समितीनं बघायचं. समितीत तिघं. अध्यक्ष एक निवृत्त चित्रकलेचे मास्तर. दुसरे आमच्या समोरचे पिंजारी चाचा, गाद्या भरणारे. तिसरा पालिकेचा ओव्हरसियर, पण तो यायचा चहाला आणि सही करायला.

आणि बघायची त्यांची रीत अशी होती, जी मी दुसऱ्या कुठल्या गावात पाहिली नाही. कागद बघायचे नाहीत. कागदावर लोक हातभर दाखवायचे आणि बांधताना दीड हात बांधायचे, हे मास्तरांनी ओळखलं होतं. त्यामुळे जे काय करायचं ते आधी कापडात करून दाखवायचं. सज्जा असेल तर सज्ज्याएवढं कापड बांबूला ताणून बांधायचं, पाटी असेल तर पाटीएवढं. या बाजारापासून पुढच्या बाजारापर्यंत ते तसंच ठेवायचं. येणारा जाणारा बघणार, ज्याला जे बोलायचं ते बोलणार. दुसऱ्या बाजारच्या संध्याकाळी मास्तर हौदाच्या वळणावर उभे राहणार. दोन्ही कमळं दिसली तर हो, नाहीतर नाही. आणि एकदा नाही म्हटलं की पुढच्या उन्हाळ्यापर्यंत विषय बंद.

पेठेत याला "कापड लावणं" म्हणायचे. "अमक्याचं कापड लागलंय," असं कुणी म्हटलं की बायका मुद्दाम त्या बाजूनं पाणी आणायला जायच्या.

कापड चाचांकडचंच असायचं. गाद्यांच्या जुन्या खोळी उसवून त्यांनी ठेवल्या होत्या. मी मागायला गेलो तेव्हा ते कापूस पिंजत होते, भुवया पांढऱ्या झालेल्या.

"किती पाहिजे?"

"सहा हात."

पिंजणीची तार थांबली. "सहा? अरे बाबा, दुकान हाय का मांडव? कुणाचं लगीन हाय?"

"तुमी द्या हो चाचा. माझं मला ठावं हाय."

घरी बायकोनं तेच विचारलं. तिला पहिल्यापासून माझ्या धंद्याची नस ठाऊक होती, आणि मला थांबवता येत नाही हेही ठाऊक होतं.

"अहो, आपल्याला तीनच हात पायजे ना?"

"व्हय."

"मग सहा कशाला बांधताय?"

"सहा मागितलं की ते म्हनतील दोन. मी म्हनल पाच. ते म्हनतील अडीच. मग तिनावर तुटंल. तीन मागितलं तर दीडावर येऊन बसतील सगळे."

"ती काय जनावरं घ्यायला आलीत का?"

"माणूस म्हटला की घ्यायलाच आलेला असतो," मी म्हणालो. आजही मला हे वाक्य खरं वाटतं.

कापड लागलं. सहा हात. रस्त्यावर निम्म्यापर्यंत आलं. आणि खरं सांगतो, तो आठवडा माझ्या आयुष्यातल्या चांगल्या आठवड्यांपैकी एक होता. चैत्र संपत आलेला. त्या उन्हात पेठेत एवढी सावली कुठेच नव्हती. नळावरच्या बायका घागरी घेऊन माझ्या कापडाखाली टेकायला लागल्या. शेंगा विकणारी म्हातारी वेशीतून उठून माझ्या पायरीपाशी आली. देवळाली प्रवरेकडचे दोन उसवाले गडी दुपारभर तिथं बसून गुडघ्यावर पत्ते खेळले आणि जाताना लाजेनं का होईना चार दावी घेऊन गेले. ऊन खाल्लेला माल कुणी म्हणालं नाही. दोर गार, हात लावला की मऊ लागायचे.

भानगडही झाली. पुणतांब्याकडच्या एका शेतकऱ्याची गाडी वेशीतून बाहेर पडली आणि तेवढ्यात वाऱ्यानं कापड फडफडलं. बैल बिचकले, गाडी आडवी झाली, कडब्याच्या पेंढ्या रस्त्यावर.

"कुनाचं हाय हे धोतार?" तो ओरडला. "उतरव आदी! का बैलांना कापडं शिवतोस?"

"बैल शिकवून आण!" मी दुकानातून ओरडलो.

"बैल शिकल्यालंच हायेत. मानसं न्हाईत!"

सगळी पेठ हसली. मी त्याला पेंढ्या भरू लागलो, आणि नवीन कासऱ्याची जोडी गळ्यात मारल्याशिवाय सोडला नाही. असं चालायचं. भांडण आणि विक्री एकाच श्वासात.

मास्तर मात्र त्या आठवड्यात तीनदा येऊन बघून गेले आणि एक शब्द बोलले नाहीत. पांढरा स्वच्छ सदरा, हातात छत्री, उन्हाळा असो पावसाळा असो. ते बोलत नाहीत याचा अर्थ मी मालाची नीट परीक्षा चाललीय असा घेतला. घेणारं गिऱ्हाईकच मुकं असतं.

दुसऱ्या बाजारची संध्याकाळ आली. बाजार उठला, धूळ खाली बसली, तिरपं ऊन थेट कमानीवर. मास्तर हौदाच्या वळणावर गेले आणि उभे राहिले. मी त्यांच्या मागं. खरंच, तिथून डावं कमळ दिसतच नव्हतं. कापडानं कमानीचा अख्खा डावा खांदा गिळला होता. हे मला माहीत होतं. कापड लावलं त्याच दिवशी मी बघून ठेवलं होतं. उतरायला जागा ठेवली होती म्हणा ना.

मग सगळे देवडीत बसले. चहा आला. ओव्हरसियरनं बशीत ओतला. मास्तरांनी कपाला हात न लावता सांगितलं, "नाही."

"बरं," मी म्हणालो. "मग पाच हात."

मास्तरांनी माझ्याकडे बघितलं, जसं वर्गात मधेच कुणी गाणं म्हणायला लागावं.

"पाचही जास्त वाटतंय? चला, तुमचं नाही माझं नाही, चार."

"अहो, आमचं पाहून झालं."

"साडेतीन! आता याच्या खाली परवडत न्हाई."

चाचा गालातल्या गालात हसत होते. "अरे, ह्याला कोणीतरी सांगा," ते म्हणाले, "हा बाजार उठला."

"तीन!" मी म्हणालो. माझा आवाज चढला होता. "तीन हात, शेवटचं. देऊन टाका."

मास्तर शांतपणे म्हणाले, "तुम्ही सहा हात दाखवलंत. आम्ही सहा हातांवर बोललो. तीन हात पाहिजे होतं तर तीन हात लावायचं. आता पुढच्या वर्षी."

"डावं कमळ तीन हातात दिसतं! चला, आत्ता दाखवतो. कापड गुंडाळायला किती वेळ?"

"तीन हातात लोकांनी कुठं पाहिलं? नळावरच्या बायकांनी पाहिलं? गाडीवाल्यांनी पाहिलं? तुमच्यासाठी आज गुंडाळलं, तर उद्या प्रत्येकजण मांडव घालून येईल आणि देवडीत बसून उतरत जाईल."

मला राग आला की माझ्या कानशिलात ढोल वाजतो. त्या दिवशी वाजला. "ही वेस काय तुमच्या बापाची हाय का?" मी विचारलं.

"नाही," मास्तर म्हणाले. "तुमच्याही नाही. म्हणून तर बसलोय इथं."

मी उठलो, कापड ओढून काढलं, आणि चाचांच्या दारात नेऊन टाकलं. त्यात एक खोळ फाटली. चाचा मागून येत म्हणाले, "फाड, फाड. पुढच्या साली शिवून देतो."

माझं म्हणणं तेव्हाही हेच होतं आणि आताही आहे. सगळं गाव कमी दाखवून जास्त बांधत आलं, त्यांच्यासाठी कापडाची सोय केली. मी जास्त दाखवून कमी बांधणार होतो. यात मी कुणाला फसवलं? माणसं समोरासमोर बसली, चहा समोर आला, तर बोलणं झालं पाहिजे. मागणी केली की समोरच्यानं निदान एक आकडा तरी सांगावा. नुसतं नाही म्हणून मोकळं होणं ही उद्धट माणसाची रीत आहे. पण त्यांच्या समितीत सौद्याला जागाच नव्हती, आणि हे आधी मला कुणी सांगितलं नव्हतं.

ते वर्ष मी कसं काढलं ते माझं मला ठाऊक. दुपार झाली की सगळा माल आत ओढायचा, ऊन उतरलं की पुन्हा बाहेर लोंबवायचा. बायको गोणपाटं भिजवून खुंट्यांवर टाकायची. हळूहळू गिऱ्हाइकालाही कळलं की दोरवाला दिवस उतरल्यावर उघडतो. मग दिवेलागणीला माझ्या ओट्यावर माणसं जमायला लागली. चाचांचं काम तेव्हा संपलेलं असायचं, ते कापूस झटकत समोरून यायचे. शेंगावाली म्हातारी टोपली रिकामी करायला यायची. कुठल्या गावाला पाऊस झाला, कुणाची गाय व्याली, कुणाची सून माहेरी गेली, हे सगळं माझ्या दोरांखाली बसून ठरायचं. आज ती पेठ आठवली की मला दुपारची आठवत नाही, ती त्या वेळची आठवते. मास्तर त्या गर्दीसमोरून छत्री टेकत जायचे. मी त्यांना बसा म्हणालो नाही. एकदाही नाही.

पुढचा उन्हाळा आला तो दुष्काळ घेऊनच. पाऊस दगा देऊन गेलेला. माणसं खडी फोडायला कामावर गेली, जनावरं मिळेल त्या भावात बाजारात आली. बैलच विकला तर कासरा कशाला लागतो? उलट लोक जुनी दावी परत आणून विचारायचे, घेतोस का? माझ्याकडे अंबाडीचा वर्षाचा माल भरून पडला होता, आणि तो आता कधी खपेल याचा नेम नव्हता. ओलीत कुजला तर गेला, उन्हात वाळला तर गेला. दुकान अरुंद, आत आढ्यापर्यंत भेंडोळी चढलेली. बाहेर टांगण्यावाचून इलाज नव्हता. या वर्षीही नाही म्हणाले असते, तर पावसाळ्यापर्यंत माझा सगळा माल चुलीत घालायच्या लायकीचा झाला असता, आणि मी पुन्हा वेशीबाहेर पोत्यावर.

चाचांकडे गेलो. त्यांनी ती फाटलेली खोळ खरंच शिवून ठेवली होती.

"किती?" त्यांनी विचारलं. चेहरा अगदी सरळ.

चार म्हणावंसं जिभेवर आलं होतं. चार म्हटलं तरी उतरायला एक हात जागा. पण ते उतरू देत नाहीत, हे मला आता ठाऊक होतं. चार हातात डावं कमळ दिसेल का? मी वळणावर जाऊन डोळे बारीक करून शंभरदा बघितलं होतं. कधी वाटायचं दिसेल, कधी वाटायचं पाकळी कापली जाईल.

"तीन," मी म्हणालो. हा शब्द माझ्या तोंडातून काढायला मला जेवढं जड गेलं तेवढं दुकान घेतानाही गेलं नव्हतं. जे पाहिजे तेच मागणं. माझ्या धंद्यात याला भीक म्हणतात.

बायको कापड बांधताना बांबू धरून उभी होती. तिनं एकदा माझ्याकडे बघितलं आणि गाठ घट्ट मारली. मागच्या वर्षीचं काही काढलं नाही. त्या बाईचं मोठेपण मी त्या दिवशी ओळखलं.

बाजार ते बाजार कापड राहिलं. या वेळी त्याखाली फारसं कुणी बसलं नाही. तेवढ्या सावलीत एखादं माणूस आणि माझे दोर, बस्स. बैलही बिचकले नाहीत, कारण बैलच नव्हते.

दुसऱ्या बाजारची संध्याकाळ. मी सकाळपासून तयारी केली होती. ते काय म्हणतील, मी काय म्हणेन, सगळं पाठ. अडीच म्हणाले तर दुष्काळ सांगायचा. दोन म्हणाले तर तेलघाणीवाल्याच्या सज्ज्याचा विषय काढायचा. कौलं घाल म्हणाले तर वजन सांगायचं. मास्तर वळणावर उभे राहिले. छत्री टेकली. मी घसा साफ केला.

"चालेल," मास्तर म्हणाले, आणि चालायला लागले.

"काय?"

"चालेल. दोन्ही कमळं दिसताहेत. करा."

देवडीत बसणं नाही, चहा नाही. पोऱ्या किटली घेऊन निघाला होता तो अर्ध्या वाटेवर थांबला. ओव्हरसियरनं उभ्याउभ्या सही केली. चाचा म्हणाले, "मुबारक हो दोरवाले," आणि माझ्या पाठीवर थाप मारली. पेठेतली चार माणसं हसून पुढे गेली. आणि मी त्या वळणावर उभा राहिलो, कानशिलात ढोल वाजत.

ज्यांनी कधी सौदा केला नाही त्यांना हे कळायचं नाही. गिऱ्हाईक पहिल्या भावाला हो म्हणालं, की विकणाऱ्याला आपणच ठकलो असं वाटतं. म्हणजे आपण कमी सांगितलं. म्हणजे आणखी मिळालं असतं. मी त्यांच्या जागी जाऊन उभा राहिलो, अगदी मास्तरांच्या छत्रीनं मातीत पाडलेल्या भोकावर. कापडाची कड आणि डावं कमळ, यांच्यात मोकळं अंतर दिसत होतं. चांगलं हातभर. चार हात सुटले असते. मला त्यांनी चार हात दिले असते.

घरी गेल्यावर बायको म्हणाली, "मिळालं ना?"

"मिळालं."

"मग तोंड का असं?"

मी जेवलो नाही.

पत्रा बसला. माल वाचला. दुष्काळ सरला तसं लोकांनी पुन्हा बैल घेतले, आणि ज्यांनी माल फेकून दिला होता त्या दुकानदारांपेक्षा माझ्याकडे त्या वर्षी जास्त गिऱ्हाईक आलं. सावलीतला दोर होता, दोन वर्षांचा असून नवा दिसायचा. कुणाला ऊन खाल्लेला म्हणायची सोय राहिली नाही. हे सगळं खरं आहे आणि मी ते नाकारत नाही. पण तो एक हात राहिलाच.

आता त्या रस्त्यावर कुणी कापड लावत नाही. वाढदिवसाचे फ्लेक्स लागतात, घरापेक्षा मोठे, आणि ते कुणाला विचारून लागत नाहीत. समिती कधी बंद झाली तेही कुणाला आठवत नाही. माणसं गेली, त्यांच्या मागोमाग तीही गेली असणार. मला त्या तिघांचा राग करायची इतकी सवय झाली होती की तो करायला कुणी उरलं नाही तेव्हा पेठ ओसाड वाटली.

मास्तरांना मी एकदा विचारलं होतं. पत्रा बसून वर्ष दीड वर्ष झालं असेल. ते घरच्या आडाला दोर घ्यायला आले. पहिल्यांदाच माझ्या दुकानात चढले. पत्र्याखाली उभे राहून त्यांनी अंबाडीचा एक चांगला दोर निवडला, टोक उकलून पीळ बघितला, अगदी शेतकऱ्यासारखा. मी म्हणालो, "मास्तर, एक खरं सांगा. चार हात लावलं असतं तर दिलं असतं का?"

त्यांनी वर पत्र्याकडे बघितलं, मग रस्त्याकडे. "तुम्ही लावलं नाहीत," ते म्हणाले. "आम्ही पाहिलं नाही. आता मी काय सांगणार?"

"अंदाजानं सांगा की."

"अंदाजाचं काम नव्हतं ते."

मग त्यांनी दोराचा भाव विचारला. मी नेहमीच्या दुप्पट सांगितला. राग होता म्हणून सांगितला, आणि ते खाली येतील, मग आपण बघू, म्हणूनही सांगितला. मास्तरांनी छत्री काखेत धरली, खिशातून पाकीट काढलं, आणि सांगितला तेवढा भाव मोजून दिला. घासाघीस नाही, कुरकुर नाही. दोर खांद्यावर टाकून ते वेशीतून निघून गेले.

मी तिप्पट सांगायला हवा होता.